दुरुस्त करता येईल असा मेकॅनिकल कीबोर्ड: भाग निवडण्यापासून बिघाड शोधण्यापर्यंत

स्वतः भाग जमवून बांधलेला मेकॅनिकल कीबोर्ड महिन्याभरात बिघडला, म्हणून कोणी उघडून दाखवला की आत बहुतेकदा तेच दिसतं. कळीखालच्या स्विचची एक पिन दुमडून आडवी झालेली असते, तो ज्यात खुपसतात ते खालचं सॉकेट उचकटलेलं असतं, नाहीतर स्टॅबिलायझर (लांब कळा सरळ ठेवणारा तारेचा भाग) बसवायचा राहिला म्हणून सगळे स्विच ओढून काढताना पीसीबीवरचा, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरचा, तांब्याचा पत्रा निघालेला असतो. भाग चांगले घेतलेले असतात. चुकलेला असतो तो क्रम.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ही चूक जास्त महागात पडते. कीबोर्डचं सुटं सॉकेट गल्लीतल्या दुकानात सहसा मिळत नाही. ते पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून मागवावं लागतं आणि तोवर काम अडून राहतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधल्या तपासण्यांना पाच-दहा मिनिटं लागतात, पण त्या टाळल्या तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

## टप्पा १: पैसे देण्याआधी

वजनदार केस (बाहेरची पेटी) म्हणजे टिकाऊ कीबोर्ड, हा समज आधी सोडा. ॲल्युमिनियमची जाड केस कधीच मोडणार नाही, पण मोडणारी गोष्ट केस नसतेच. झिजतात आणि तुटतात ते यूएसबीचं तोंड, स्विच, सॉकेट, स्टॅबिलायझरच्या तारा आणि कीकॅप, म्हणजे कळांच्या टोप्या. त्यामुळे प्रत्येक भागाबद्दल एकच प्रश्न विचारा: हा गेला तर बाकी काही न फेकता हा एकटा बदलता येईल का?

यूएसबीचं तोंड वेगळ्या छोट्या बोर्डावर असलेला कीबोर्ड घ्या. या बोर्डाला डॉटरबोर्ड म्हणतात. तो बारीक वायरीने आणि जेएसटी कनेक्टरने मुख्य पीसीबीला जोडलेला असतो. केबलला हिसका बसून तोंड सैल झालं तर दोन स्क्रू काढून नवीन डॉटरबोर्ड लावला की काम झालं. तेच तोंड मुख्य पीसीबीवर डागलेलं (सोल्डर केलेलं) असेल तर त्याच्या बारीक पिना सोडवणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे, आणि चुकलं तर पूर्ण पीसीबी जातो.

स्विच एमएक्स पद्धतीचेच हवेत, म्हणजे ज्यांच्या दांड्याला वर अधिकच्या चिन्हासारखा आकार असतो. त्यांच्यासाठी स्विच धरून ठेवणाऱ्या प्लेटमध्ये १४ मिमीची चौकोनी खाच असते. चेरी, गॅटेरॉन, केल अशा अनेक कंपन्यांचे स्विच त्याच खाचेत बसतात, त्यामुळे एका कंपनीने माल बंद केला तरी तुमचं अडत नाही. कमी उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल स्विच दिसायला छान असतात, पण त्यांच्यात अशी एकवाक्यता नाही.

हॉटस्वॅप (स्विच सॉकेटमध्ये नुसता खुपसायचा) घ्यावा की डाग दिलेला? डाग दिलेला जोड यांत्रिकदृष्ट्या जास्त भक्कम असतो हे खरं. पण प्रत्येक स्विच बदलताना दोन डाग सोडवावे लागतात आणि प्रत्येक वेळी पॅड तापतो. घरी सोल्डरिंग गन आणि सराव दोन्ही असेल तर तो जरूर घ्या. बाकी सर्वांनी हॉटस्वॅप घ्यावा, मात्र वारंवार स्विच बदलत बसू नये. ते सॉकेट दुरुस्तीच्या सोयीसाठी आहे, दर आठवड्याला नवा आवाज ऐकण्यासाठी नाही.

कीकॅपसाठी खालची ओळ बघा. स्पेसबार ६.२५ युनिटचा आणि त्याच्या डावीकडच्या तीन कळा प्रत्येकी १.२५ युनिटच्या असतील तर बाजारातला जवळपास कुठलाही संच बसतो. एक युनिट म्हणजे साध्या अक्षराच्या कळीची जागा, १९.०५ मिमी. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही तयार कीबोर्डांत ही ओळ वेगळ्याच मापाची असते. तिथला स्पेसबार तुटला की दुसरा मिळत नाही. कीकॅप एबीएस प्लॅस्टिकपेक्षा पीबीटी प्लॅस्टिकचे घ्या, ते बोटांच्या घासण्याने इतक्या लवकर तुळतुळीत होत नाहीत.

वायरलेसबद्दल माझं मत ठाम आहे: आपल्या भागात तारेचाच घ्यावा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दिवसभर बंद पडलेली लिथियम बॅटरी त्या उष्णतेत लवकर म्हातारी होते, कधी फुगते. कीबोर्डमधली सर्वांत कमी आयुष्याची वस्तू आपणहून आत कशाला भरायची?

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी: कीबोर्डला "मराठी सपोर्ट" लागत नाही. कीबोर्ड फक्त कोणती कळ दाबली तेवढंच कळवतो, अक्षर संगणक ठरवतो. पण तुम्ही इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांच्या प्रमाण कळ-मांडणीने) लिहीत असाल तर कळांची संख्या महत्त्वाची आहे. त्यात ॉ बॅकस्लॅशच्या कळीवर, ृ बरोबरच्या चिन्हावर, ड आणि ट एंटरजवळच्या कळांवर, तर ॅ, ज्ञ, त्र, क्ष, श्र हे अंकांच्या ओळीवर शिफ्टसह येतात. म्हणून अंकांची ओळच नसलेले ४० टक्के आकाराचे कीबोर्ड इनस्क्रिप्टवाल्यांनी घेऊ नयेत. ६५ टक्के, ७५ टक्के किंवा ८७ कळांचा टीकेएल (उजवीकडचा अंकांचा गठ्ठा नसलेला) घ्या. एंटर आडवा असलेला, म्हणजे आन्सी मांडणीचा निवडा. उभ्या एंटरच्या मांडणीत बॅकस्लॅशची जागा सरकते आणि ॉ शोधत बोट चुकत राहतं.

## टप्पा २: सुटे भाग आणि अवजारं, एकाच ऑर्डरमध्ये

कीबोर्ड मागवतानाच सुटे भाग मागवा. नंतर मागवू म्हटलं की तेच मॉडेल बंद झालेलं असतं. मी म्हणेन किमान एवढं हवंच:

- त्याच जातीचे आठ-दहा जादा स्विच
- चार-पाच हॉटस्वॅप सॉकेट
- एक जादा डॉटरबोर्ड आणि त्याची जेएसटी वायर
- स्टॅबिलायझरचा एक जादा संच
- केसचे चार-पाच जादा स्क्रू

अवजारांत कीकॅप काढायचा तारेचा पुलर घ्या. प्लॅस्टिकच्या गोल कडीचा पुलर कीकॅपच्या बाजूंवर ओरखडे उमटवतो. स्विच पुलर, बारीक टोकाचा चिमटा, स्क्रूला बरोबर बसणारा पेचकस, बीप वाजणारा साधा मल्टिमीटर, शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश आणि दुधी काचेचा किंवा आरशाचा सपाट तुकडा हाताशी ठेवा. वंगण म्हणून स्विचसाठी क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० आणि स्टॅबिलायझरच्या तारेसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीस. दोन्ही छोट्या डब्या कितीतरी वर्षं पुरतात.

डाग द्यायचे असतील तर ६३/३७ प्रमाणाची सोल्डर तार घ्या. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे नवख्या हातालाही डाग स्वच्छ जमतो. सोल्ड्रॉनची २५ वॅटची गन या कामाला पुरेशी आहे.

सावधान: डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल तेल यांपैकी काहीही स्विचमध्ये घालू नका. ही तेलं पातळ असतात, पसरतात आणि धूळ धरून ठेवतात.

## टप्पा ३: कोरा पीसीबी तपासणे

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. सगळं बांधून झाल्यावर एक कळ चालत नाही असं दिसलं, तर दोष पीसीबीचा की आपल्या हाताचा हे कळायला मार्ग उरत नाही. आणि विक्रेता बदलून देतो तो कोरा पीसीबी, वापरलेला नाही.

१. टेबलावर कोरडं सुती कापड पसरा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. पीसीबीला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या उपकरणाच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा.

२. डॉटरबोर्ड वेगळा असेल तर तो जेएसटी वायरीने पीसीबीला तात्पुरता लावा आणि केबलने संगणकाला जोडा, बाकी काही लावू नका. केबल यूएसबी-ए (आयताकृती तोंडाची) ते यूएसबी-सी अशी वापरा. काही स्वस्त पीसीबींवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर दिलेले नसतात आणि ते सी-ते-सी केबलवर चालूच होत नाहीत. अशा वेळी पीसीबी मेला असं समजून लोक परत पाठवतात.

३. क्रोम ब्राउझरमध्ये व्हिया (कीबोर्डच्या कळा तपासायचं आणि बदलायचं वेब ॲप) उघडून मॅट्रिक्स टेस्ट सुरू करा. फायरफॉक्समध्ये ते चालत नाही.

४. चिमट्याच्या दोन टोकांनी प्रत्येक सॉकेटच्या दोन धातूच्या पट्ट्या क्षणभर जोडा. पडद्यावर ती कळ उजळली पाहिजे. सगळ्या कळा अशाच करा, एकही सोडू नका.

तपासा: एक जरी कळ उजळली नाही तरी इथेच थांबा. फोटो, व्हिडिओ काढा आणि पीसीबी बदलून मागा. पुढचा टप्पा सुरू केला की तो हक्क गेला असं धरून चाला.

## टप्पा ४: स्टॅबिलायझर

स्पेसबार, शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस अशा लांब कळा एका बाजूने दाबल्या तरी सरळ खाली जाव्यात म्हणून त्यांच्याखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो. पीसीबीवर बसणारा स्टॅबिलायझर प्लेट आणि स्विच लावण्याआधीच बसवावा लागतो. नंतर तो बसवायला सगळे स्विच काढावे लागतात, आणि सॉकेट उचकटण्याचं मोठं कारण हीच घाईघाईची काढाकाढ आहे.

प्रत्येक तार काचेवर आडवी ठेवा आणि दोन्ही टोकं आळीपाळीने बोटाने दाबा. तार टकटक हलली तर ती पिळलेली आहे. दोन पकडींनी हळूच उलटा पीळ द्या, पुन्हा काचेवर ठेवून बघा. स्पेसबार वाजतो अशी तक्रार ग्रीस कमी पडल्यामुळे फार कमी वेळा असते, बहुतेकदा ती पिळलेल्या तारेमुळे असते. तार सरळ होईपर्यंत ग्रीसला हात लावू नका.

मग तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस जरा सढळ हाताने लावा. प्लॅस्टिकच्या घरात आणि दांड्याच्या बाजूंना २०५ चा पातळ हात पुरे. पीसीबीत बसवताना आधी आकड्याची बाजू छिद्रात घाला, मग दुसरी बाजू खाली बसवून मागून स्क्रू लावा. स्क्रू आणि पीसीबी यांच्यामध्ये सोबत आलेला प्लॅस्टिकचा वायसर घालाच. तो नसेल तर स्क्रूच्या डोक्याने वरचा रंग घासून खालच्या तांब्याच्या रेषा उघड्या पडू शकतात.

तपासा: दोन्ही दांडे बोटाने वर-खाली करा. दोन्ही एकदमच हलले पाहिजेत आणि सोडल्यावर पीसीबीपासून घर उचललं जाता कामा नये.

## टप्पा ५: स्विचची तयारी

कारखान्यातून वंगण लावून आलेले स्विच घेतले असतील तर त्यांना उघडू नका. आजकालचं कारखान्यातलं वंगण पुरेसं बरं असतं आणि सत्तर-ऐंशी स्विच उघडून पुन्हा बंद करण्यात आतल्या धातूच्या पत्तीला धक्का लागायची शक्यताच जास्त.

कोरडे स्विच असतील तर उघडून खालच्या घरातल्या दोन खाचा, दांड्याच्या बाजू आणि स्प्रिंगची दोन्ही टोकं एवढ्याच ठिकाणी ब्रश फिरवा. चमक दिसली की थांबायचं, पांढरा थर दिसला म्हणजे जास्त झालं. टॅक्टाइल स्विचच्या दांड्याला पत्तीकडे दोन पाय असतात. त्यांना वंगण लावलं तर दाबतानाचा टप्पा बोथट होतो. टकटक आवाजाच्या क्लिकी स्विचना काहीच लावू नका.

बंद करून झाल्यावर प्रत्येक स्विच उलटा धरून दोन पिना बघा. त्या उभ्या आणि एकमेकींना समांतर हव्यात. वाकलेली पिन चिमट्याने आत्ताच सरळ करा. स्विचला मधल्या खुंटीशिवाय बाजूला प्लॅस्टिकच्या आणखी दोन खुंट्या असतील तर तो पाच पिनांचा आहे. पीसीबीत त्यांच्यासाठी छिद्रं नसतील तर नेलकटरने त्या तळाशी सपाट कापा. जोर लावून बसवू नका.

## टप्पा ६: जोडणी

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या.

१. पीसीबीवर स्टॅबिलायझर बसलेले आहेत ना, पुन्हा बघा. त्यांच्यावर प्लेट ठेवा. मधला फोम असेल तर आत्ताच घाला. चिकटपट्टीचा फोम टाळा, उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरतो आणि पुढे उघडताना प्लेट पीसीबीपासून सुटत नाही.

२. आधी चार कोपऱ्यांतले स्विच, मग मधले तीन-चार. यामुळे प्लेट आणि पीसीबी यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहतं. त्यानंतर बाकीचे भरत जा.

३. प्रत्येक स्विच असा बसवा: पिना छिद्रांच्या बरोबर वर आणा. डावा हात पीसीबीच्या खाली घाला आणि ज्या सॉकेटमध्ये स्विच जाणार आहे त्याच्या पाठीला अंगठा टेकवा. उजव्या अंगठ्याने स्विच सरळ खाली दाबा, तिरका नाही. दोन हलके टक जाणवतात, एक प्लेटचा आणि एक सॉकेटचा.

सावधान: केसमध्ये पीसीबी बसवल्यानंतर स्विच दाबायचे नाहीत. तिथे सॉकेटला खालून आधार नसतो. दाब पूर्ण सॉकेटच्या डागावर येतो आणि तांब्याचा पॅड पीसीबीपासून सुटतो. पुढे एखादा स्विच बदलायचा झाला तरी आधी पीसीबी केसमधून बाहेर काढा. हे कंटाळवाणं वाटतं, तरी एकाही स्विचसाठी सूट देऊ नका.

४. स्विच आत जायला नेहमीपेक्षा जड वाटला तर लगेच थांबा, काढा, पिना बघा. दुमडलेली पिन पहिल्यांदा सरळ होते, दुसऱ्यांदाही होईल, त्यापुढे तुटते.

५. सगळे स्विच बसले की केस लावण्याआधी पुन्हा तात्पुरता डॉटरबोर्ड आणि केबल जोडून मॅट्रिक्स टेस्ट करा. प्रत्येक कळ पाच-सहा वेळा दाबा.

६. मग डॉटरबोर्ड केसमध्ये बसवा आणि त्याची जेएसटी वायर पीसीबीला लावा. कनेक्टर नखांनी दोन्ही बाजूंनी धरून सरळ ढकला. काढताना वायर ओढायची नाही, कनेक्टरच धरायचा. वायर कुठे केसच्या कडेखाली चिरडत नाही ना, हे टॉर्च लावून बघा.

७. स्क्रू लावताना आधी पेचकस उलटा, डावीकडे हळूच फिरवा. एक बारीक टक जाणवतो, म्हणजे स्क्रूचे आटे केसच्या आट्यांत बरोबर पडले. तिथून उजवीकडे आवळा. असं न करता थेट आवळलेला स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये स्वतःचे नवे आटे कापतो आणि दोन-तीन वेळा उघडल्यावर आटे जातात. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, बोटांच्या जोरापुरतेच आवळा.

८. शेवटी कीकॅप. लांब कळांचे कीकॅप स्टॅबिलायझरच्या दोन्ही दांड्यांवर आणि मधल्या स्विचवर एकाच वेळी सरळ दाबा.

## टप्पा ७: फर्मवेअर जपून ठेवा

फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर. क्यूएमके, व्हिया किंवा व्हायल या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारा कीबोर्ड असेल तर त्याचं आयुष्य निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. कंपनीच्या स्वतःच्याच बंद सॉफ्टवेअरवर चालणारा कीबोर्ड मात्र ते सॉफ्टवेअर बंद पडलं की अडकतो. म्हणून निवडतानाच हेही बघा.

ज्या दिवशी कीबोर्ड चालू होईल त्याच दिवशी तीन गोष्टी संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा: मूळ फर्मवेअरची फाइल, व्हियाला कीबोर्डची ओळख करून देणारी जेसन फाइल आणि तुमच्या कळांच्या मांडणीची प्रत. विक्रेत्याचं पान वर्षाभराने तिथेच असेल याची खात्री नसते. आरपी२०४० चिपच्या पीसीबीची फर्मवेअर फाइल यूएफ२ प्रकारची असते. बूटलोडरमध्ये (फर्मवेअर भरायच्या अवस्थेत) गेल्यावर कीबोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल त्यात टाकली की काम होतं. एटीमेगा३२यू४ च्या पीसीबीला हेक्स फाइल आणि क्यूएमके टूलबॉक्स लागतं.

मराठी-इंग्रजीत सतत अदलाबदल करणाऱ्यांनी विंडोज आणि स्पेस ही जोडी एखाद्या रिकाम्या कळीवर नेमून घ्यावी. रोजच्या लिखाणात हा बदल फार सुखाचा आहे.

तपासा: इनस्क्रिप्टमध्ये ही ओळ टाइप करा: "कृषी ऑफिसातल्या दुसऱ्या बँकेत ज्ञानेश डॉक्टरांना भेटला." यात बरोबरचं चिन्ह, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय बॅकस्लॅश, शिफ्ट-जे, शिफ्ट-एक्स आणि शिफ्ट-५ एवढ्या अडचणीच्या कळा येतात. ओळ न अडखळता उमटली की मांडणी ठीक आहे.

## टप्पा ८: खानदेशातली निगा

सर्वांत वाईट जागा म्हणजे कूलरसमोरची. कूलरची हवा ओली असते, आणि बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडाले तर कीकॅपवर पांढरे डाग आणि स्टॅबिलायझरच्या तारांवर गंज दिसू लागतो. टेबल झोताच्या बाजूला सरकवा.

काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती स्विचच्या फटीतून आत शिरते. जिनिंगजवळ राहणाऱ्यांना कापसाच्या तंतूंचा, नंदुरबारला मिरचीच्या पथारींजवळ राहणाऱ्यांना तिखट धुळीचा त्रास वेगळा. काम संपलं की दाट विणीचं कापड झाकायची सवय लावा, ही सवय कुठल्याही महागड्या केसपेक्षा जास्त कामाची आहे. आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटा धरून रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात.

टेबलावर शेव, पापड खाल्ले की चुरा आत जातो आणि त्यामागे लाल मुंग्या येतात. कीकॅप वर्षातून एकदोनदा काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. काढण्याआधी फोटो घ्या. वाळवायचे सावलीतच. कडक उन्हात एबीएस पिवळं पडतं.

धातूच्या केसला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष कीबोर्डचा नाही. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा आहे का, भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

चहा सांडला तर: आधी केबल काढा. पुसापुशी नंतर. कीबोर्ड उलटा करा, कीकॅप काढा, केस उघडा, पीसीबी बाहेर काढून स्विच काढा. साखरेचा चहा नुसता वाळू दिला तर चिकटा आत राहतो आणि हळूहळू तांबं खातो. पीसीबी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतंच, जळगावात गोलाणी मार्केटमध्ये विचारा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सॅनिटायझर चालणार नाही. पंख्याखाली किमान पूर्ण एक दिवस वाळू द्या. हेअर ड्रायर लावू नका.

## टप्पा ९: बिघाड शोधायचा क्रम

नेहमी स्वस्त आणि सोप्या कारणापासून सुरुवात करा.

एकच कळ मेली. केस उघडून पीसीबी बाहेर काढा, तो स्विच काढून पिना बघा. सरळ असतील तर दुसऱ्या चालत्या कळीचा स्विच इथे लावून बघा. चालला तर जुना स्विच गेला. नाही चालला तर चिमट्याने सॉकेटच्या दोन पट्ट्या जोडा. तरीही कळ उजळत नसेल तर सॉकेटचा डाग किंवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, प्रत्येक कळीजवळचा बारीक भाग) बघा.

एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. स्विचच्या आतली पत्ती मळली आहे. स्विच बदला. बऱ्याच कळांना एकदम असं होत असेल तर क्यूएमकेमधला डिबाउन्सचा वेळ (कळ स्थिर झाली असं मानण्याआधीची वाट) वाढवता येतो, तो मुळात ५ मिलिसेकंद असतो. पण एका स्विचचा दोष लपवायला हा उपाय करू नका.

पूर्ण ओळ किंवा उभी रांग मेली. स्विचचा काही संबंध नाही. पीसीबीवर कुठेतरी रेष तुटली आहे किंवा मुख्य चिपचा डाग सुटला आहे. इथे सरावलेल्या माणसाकडे जा.

कीबोर्ड मध्येच बंद-चालू होतो. आधी दुसरी केबल, मग दुसरा यूएसबी पोर्ट, मग जेएसटी वायर, मग डॉटरबोर्ड. पीसीबीला हात सर्वांत शेवटी.

### उचकटलेलं सॉकेट

हा बिघाड सगळ्यांत जास्त आढळतो आणि तो झाला म्हणून पीसीबी टाकून द्यायची मुळीच गरज नाही.

१. सॉकेट लोंबत असेल तर ते ओढू नका. सोल्डर वितळवून दोन्ही बाजू मोकळ्या करा आणि सॉकेट अलगद उचला. पॅड तुटून सॉकेटला चिकटून आला असेल तर तो कोणत्या बाजूचा, हे लिहून ठेवा.

२. मल्टिमीटर बीपवर ठेवा. सॉकेटची एक बाजू त्या कळीच्या डायोडला जाते. दुसरी बाजू त्याच उभ्या रांगेतल्या इतर कळांना जोडलेली असते, काही पीसीबींवर आडव्या ओळीतल्या. शेजारच्या चांगल्या कळीवर बीप वाजवून आधी हा नकाशा समजून घ्या, मगच बिघडलेल्या कळीकडे या.

३. नवीन सॉकेट जागेवर ठेवून जो पॅड शाबूत आहे त्या बाजूला डाग द्या. गनचं टोक दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. जास्त तापलं तर हाही पॅड सुटेल.

४. तुटलेल्या बाजूसाठी आवरण असलेली केसासारखी बारीक वायर घ्या. एक टोक सॉकेटच्या पट्टीला, दुसरं डायोडच्या किंवा शेजारच्या कळीच्या योग्य डागाला जोडा. वायर स्विचच्या खुंटीच्या छिद्रांवरून नेऊ नका, बाजूने वळवा. डायोडच बदलावा लागला तर त्याची पट्टी शेजारच्या डायोडांच्या पट्टीच्याच दिशेला ठेवा.

५. स्विच लावण्याआधी चिमट्याने कळ तपासा. उजळली की सॉकेटच्या दोन्ही कडांना अरल्डाइटचा बारीक थेंब लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. फेविक्विक नको, ते पातळ असल्याने सॉकेटच्या आत झिरपून पट्ट्यांवर बसतं आणि जोड कायमचा बंद होतो.

६. दुसऱ्या दिवशी खालून अंगठ्याचा आधार देऊन स्विच बसवा आणि पुन्हा टेस्ट करा. मग पीसीबीच्या पाठीवर त्या सॉकेटशेजारी कायमच्या मार्करने एक ठिपका काढा. पुढे कधी स्विच बदलताना तो ठिपका दिसला की पुलरने ओढण्याआधी प्लेटच्या बाजूने स्विचच्या दोन्ही कड्या नीट आत दाबल्या आहेत ना, हे बघा, आणि स्विच सरळ वर काढा.